चाक फिरावे आणि थांबावेही

ऋषिपंचमीच्या दुपारी तासगावच्या रस्त्यावर उभे राहिले, तर यंत्रशास्त्राचा एक मोठा पाठ फुकटात शिकायला मिळतो. गणपती मंदिरापासून काशिविश्वेश्वराच्या देवळापर्यंत तीन मजली लाकडी रथ निघतो. त्याला बैल नाहीत, इंजिन नाही. जाड दोरखंडांना शेकडो माणसे लागतात, ‘मोरया’चा गजर होतो आणि सगळे एकदम जोर लावतात. क्षणभर काहीच घडत नाही. दोर ताणतो, लाकूड करकरते, आणि मग तो डोंगर एकदाचा हलतो. एकदा हलल्यावर मात्र ओढणाऱ्यांचे चेहरे सैलावतात. आता काळजी वेगळी असते. हे धूड थांबवायचे कसे?

चाकाच्या साऱ्या इतिहासात याच दोन काळज्या आहेत. चाक सुखाने फिरावे म्हणून आसाजवळचे घर्षण कमी करायचे; ते हवे तेव्हा थांबावे म्हणून दुसरीकडे घर्षण वाढवायचे. आपल्या मोटारीच्या प्रत्येक चाकात ही दोन कामे एकमेकांपासून चार बोटांच्या अंतरावर चालू असतात. एकाला ग्रीस लागते, दुसऱ्याला ग्रीसचा थेंबही चालत नाही. गाडीच्या ब्रेकची आणि बेअरिंगची देखभाल शिकायची, तर आधी हे नाते समजले पाहिजे. ते समजून घ्यायला तासगावच्या रथापासून सुरुवात करू.

दोराचा पहिला हिसका

तासगावचे गणपती मंदिर परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधायला घेतले. १७७९ ते १७९९ हा त्याच्या बांधकामाचा काळ. भाऊंनी दक्षिणेतील मोहिमांत पाहिलेल्या गोपुरांची आठवण देणारे सात मजली गोपूर आजही या गावाची खूण आहे. रथोत्सवाची प्रथाही पटवर्धनांच्याच काळातली.

योगायोग असा, की इकडे मंदिराचा पाया भरला जात होता, तेव्हा तिकडे फ्रान्समध्ये शार्ल ओगुस्तीन कुलोम हा लष्करी अभियंता रोशफोर येथील जहाजबांधणीच्या आवारात घर्षणावर प्रयोग करत होता. विजेच्या प्रभारांचा नियम ज्याच्या नावाने आपण शाळेत शिकवतो, तोच हा कुलोम. वजने ठेवलेली लाकडी घसरगाडी लाकडी फळीवरून ओढायची आणि ती हलवायला किती बळ लागते ते मोजायचे, अशी त्याची साधी रीत होती. कधी लाकडावर लाकूड, कधी लाकडावर लोखंड, कधी मध्ये चरबी. या कामाला १७८१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले.

त्याच्या आधी, १६९९ मध्ये, आमोंताँ या दुसऱ्या फ्रेंच माणसाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या: घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते, आणि पृष्ठभाग किती मोठा आहे यावर ते फारसे अवलंबून नसते. कुलोमने त्यात महत्त्वाची भर घातली. स्थिर वस्तू हलवायला जितके बळ लागते, त्यापेक्षा ती हलती ठेवायला कमी लागते. लाकडाच्या बाबतीत तर वस्तू जितका वेळ एका जागी बसून राहील, तितका तिला हलवायला लागणारा जोर काही काळ वाढत जातो. रथ ओढणाऱ्याला हे सूत्र माहीत नसले, तरी त्याच्या दंडाला ते चांगले ठाऊक असते. वर्षभर उभ्या असलेल्या रथाचा पहिला हिसका सर्वांत कठीण असतो, तो याचमुळे. शिवाय जमिनीत किंचित रुतलेली चाके वर काढायची असतात, ते वेगळेच.

हाच नियम मोटारीच्या ब्रेकमध्ये पुन्हा भेटतो. टायर रस्त्यावर लोळत असतो, तेव्हा त्याचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो, म्हणून पकड चांगली मिळते. ब्रेक कचकन दाबून चाक अडकवले, की टायर घसरू लागतो. पकड कमी होते आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. तिच्या मुळाशी स्थिर आणि गतिक घर्षणातला हा जुना फरकच आहे.

वंगणाचे नळकांडे

आता रथावरून उतरून बैलगाडीत बसू. दख्खनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गाड्या कमीच होत्या. रस्तेच नव्हते, माल जायचा तो बैलांच्या पाठीवर. ज्या गाड्या होत्या, त्यांची चाके भरीव, बोजड, आणि त्या ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागत. १८३६ च्या सुमारास गेसफर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने आऱ्यांच्या चाकांची हलकी गाडी प्रचारात आणली. सोलापूर भागातल्या टेंभुर्णीला अशा गाड्या बनू लागल्या. रस्ते सुधारत गेले तशी दोन बैलांची गाडी शेतकऱ्याच्या दारात आली.

या चाकाची रचना पाहण्यासारखी आहे. मधोमध तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवती लाकडी पुठ्ठे आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. तुंब्याच्या पोटात आस जातो आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ असते. ही खीळ किती महत्त्वाची, हे कैकेयीची गोष्ट ऐकलेल्या कोणत्याही मुलाला विचारा. दशरथाच्या रथाची खीळ निघाली, तेव्हा तिने म्हणे आपला हात तेथे घातला आणि त्याबद्दल दोन वर मिळवले. पुढचे रामायण सर्वांना ठाऊक आहे!

तुंबा आणि आस एकमेकांवर घासतात, म्हणून तेथे वंगण हवे. गाडीला टांगलेल्या नळकांड्यात ते असायचे: एरंडेल किंवा करंजेल, आणि ते दाट व्हावे म्हणून त्यात कालवलेली जळकी चिंधी किंवा राख. लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी गाडीवान खीळ काढी, चाक थोडे बाहेर ओढी, वंगण भरी आणि चाक पुन्हा बसवी. वाटेत चाक कुरकुरू लागले की पुन्हा तेच. ही देखभाल त्याला कोणी वर्गात शिकवली नव्हती. तुंब्याला हात लावून तो किती तापला आहे हे पाहायचे आणि कान उघडे ठेवायचे, एवढेच त्याचे उपकरण.

एरंडेलच का? पाण्यासारखे पातळ तेल वजनाखाली बाजूला सरकते आणि दोन पृष्ठभाग पुन्हा एकमेकांना भिडतात. एरंडेल चांगलेच दाट असते. त्याच्या रेणूंवरील हायड्रॉक्सिल गटामुळे ते एकमेकांना आणि धातूलाही धरून राहतात. पुढे विमानांची पहिली इंजिने आली, तेव्हाही वंगण म्हणून एरंडेलच कामी आले. कॅस्ट्रॉल या नावातला ‘कॅस्टर’ म्हणजे आपला एरंडच.

येथे एक छोटा हिशेब वर्गात करून घेण्यासारखा आहे. गाडीचे वजन १००० किलो, आसाची त्रिज्या २.५ सेंटिमीटर, चाकाची त्रिज्या ६० सेंटिमीटर आणि वंगण घातलेल्या आसाचा घर्षणांक ०.१ धरू. आसावरचे घर्षणबल झाले सुमारे ९८० न्यूटन. पण हे बल लहान त्रिज्येवर काम करते आणि बैल ओढतात ते मोठ्या त्रिज्येवर. म्हणून बैलांना त्यासाठी लागणारे बल ९८० × २.५ ÷ ६०, म्हणजे सुमारे ४१ न्यूटन. साधारण ४ किलो वजनाइतके. मोठे चाक आणि बारीक आस यांचा फायदा हा असा. वंगण संपले, घर्षणांक चौपट झाला, की ओझेही चौपट होते, आणि ती सारी ऊर्जा तुंबा तापवण्यात आणि झिजवण्यात जाते.

छर्ऱ्यांचा जन्म

घासण्याऐवजी लोळणे सोपे, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. मोठे दगड ओंडक्यांवरून लोळवत नेत. तीच युक्ती आसाभोवती वापरावी असे वेल्समधल्या कारमार्थन गावच्या फिलिप व्हॉन या लोखंड ओतणाऱ्या कारखानदाराच्या मनात आले. १७९४ मध्ये त्याने घोडागाडीच्या आसासाठी पेटंट घेतले. आसावर खाचा कोरायच्या आणि त्यांत लोखंडी गोळे बसवायचे. तासगावचे गोपूर अजून पुरे व्हायचे होते, तेव्हाची ही गोष्ट.

कल्पना उत्तम होती, पण तिचा काळ आला नव्हता. अडचण गोळ्यांची होती. आठ गोळ्यांतला एक केसभर मोठा असला, तर सगळे वजन त्या एकट्यावर येते. तो पिचतो, त्याचा चुरा खाचेत पडतो आणि सगळा खेळ संपतो. एकसारखे, पूर्ण गोल, कठीण पोलादी छर्रे शेकड्यांनी बनवता आल्याशिवाय बॉल बेअरिंगला अर्थ नव्हता.

ही निकड लावली सायकलने. घोड्याला थोडे जास्त ओढावे लागले तर मालकाला कळत नाही. पण सायकलवर घोडाही आपणच आणि मालकही आपणच. १८६९ मध्ये पॅरिसच्या झ्यूल स्यूरिरे या सायकल कारागिराने बॉल बेअरिंगचे पेटंट घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेली पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर याने त्याच्या बेअरिंगच्या सायकलवर जिंकली. १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिख फिशरने एकसारख्या मापाचे छर्रे घासून काढणारे यंत्र तयार केले. येथून बेअरिंग हा कारागिराच्या हाताचा चमत्कार न राहता कारखान्याचा माल झाला.

हे छर्रे आपल्या भागात आले तेही सायकलीतूनच. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची चित्रे काढायला शिकवत आणि सायकली बेळगावला पाठवत. थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. पुढे हेच घराणे लोखंडी नांगराकडे वळले. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज पलूस तालुक्यात असलेले हे गाव तासगावपासून फार दूर नाही. सायकलच्या दुकानातून कारखाना निघावा यात नवल नाही. अचूक माप, एकसारखे सुटे भाग, योग्य तितकेच आवळणे, हे सगळे धडे सायकलच्या एका तुंब्यात असतात.

गावातल्या सायकलवाल्याकडे ‘ओव्हरहॉलिंग’ पाहिलेल्यांना हे आठवेल. चाक उघडतो, काळे झालेले जुने ग्रीस रॉकेलने धुतो, छर्रे फडक्यावर मोजून ठेवतो. कपात नवे ग्रीस भरून त्यात छर्रे चिकटवतो. मग कोन पूर्ण आवळतो आणि किंचित मागे सोडतो. फार आवळला तर छर्रे चिरडतात; फार सैल सोडला तर चाक डुगडुगते. मोटारीच्या बेअरिंगचे निम्मे शास्त्र या एका हालचालीत आले.

बग्गीवाल्याचा शंकू

मोटारीत मात्र नुसते गोल छर्रे पुरत नाहीत. गाडी सरळ चालते तेव्हा वजन वरून खाली येते. वळते तेव्हा चाकाला बाजूनेही रेटा बसतो. चेंडू वाटीला एका बिंदूत टेकतो, त्यामुळे तेथे दाब फार मोठा होतो. दंडगोल रूळ वापरले तर वजन रेषेवर पसरते, पण बाजूच्या रेट्याने ते सरकतात. अमेरिकेत सेंट लुईसला बग्ग्या बनवणारा हेन्री टिमकिन याच अडचणीशी झुंजत होता. त्याने रुळाला निमुळता केला, शंकूचा तुकडा असावा तसा. आतली कडी शंकूसारखी, बाहेरची वाटीसारखी आणि मध्ये निमुळते रूळ. आता वरून आलेले वजन आणि बाजूचा रेटा, दोन्ही पेलले जाऊ लागले. १८९८ मध्ये त्याला याचे पेटंट मिळाले. म्हातारपणी बग्गीसाठी केलेला हा शोध मोटारींच्या आणि ट्रकांच्या चाकांत घर करून बसला.

भारतात बेअरिंग बनू लागली ती जयपूरला. १९४६ मध्ये तेथे नॅशनल बेअरिंग कंपनी स्थापन झाली. नंतर १९६० च्या दशकात पुण्याजवळ चिंचवडलाही बेअरिंगचा कारखाना उभा राहिला.

वेगाचा हिशेबही पाहू. ताशी ४ किलोमीटर चालणाऱ्या बैलगाडीचे चाक मिनिटाला सुमारे १८ फेरे घेते. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीचे चाक साडेपाचशेच्या वर. तीसपट फेरे! एरंडेलात कालवलेली राख तेथे टिकणार नाही. चांगल्या बॉल बेअरिंगचा घर्षणांक ०.००१ ते ०.००२ इतका कमी असतो, म्हणून हे जमते.

जुना बूट आणि घातक धागा

चाक हलके फिरू लागले, की दुसरी काळजी मोठी होते. बैलगाडीच्या वेगाला बैल स्वतःच ब्रेक होते. घाटात चाक साखळीने अडकवून घसरत न्यायचे किंवा धावेवर लाकूड घासत ठेवायचे. मोठ्या रथांच्या चाकांपुढे लाकडी ठोकळा सरकवण्याची पद्धतही तीच.

लाकडाचा ठोकळा तापला की जळतो आणि गुळगुळीत होतो. इंग्लंडच्या डर्बीशर भागातल्या टेकड्यांत गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचे चामडे ठोकत असल्याचे हर्बर्ट फ्रूड याने पाहिले. त्यावर विचार करून त्याने १८९७ मध्ये ब्रेकच्या अस्तराचा व्यवसाय सुरू केला. आपल्याच नावाची अक्षरे उलटसुलट करून त्यात एक अक्षर घालून त्याने मालाला नाव दिले फेरोडो. आधी डिंक-राळेत मुरवलेला कापूस वापरला जाई. मोटारींचा वेग वाढला तसा कापूस जळू लागला. तेव्हा १९०८ मध्ये त्याने अ‍ॅस्बेस्टॉस आणला. हा खनिजाचा धागा जळत नाही, तुटत नाही, पकडही देतो. जगभरच्या ब्रेक लायनरांत तो पाऊण शतक राहिला.

पण त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात गेले, तर तेथून निघत नाहीत. दहा-वीस-तीस वर्षांनी त्यांतून अ‍ॅस्बेस्टोसिस आणि कर्करोग उद्भवतो. ज्या देशात हे लायनर जन्मले, त्या ब्रिटनने १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आता मोटारींच्या पॅडमध्ये बहुधा दुसरे तंतू असतात. तरीही जुन्या गाडीचा ड्रम उघडल्यावर आत साठलेली करडी धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. गॅरेजमध्ये शिकणाऱ्या पोराला आपण शिक्षकांनी एवढी एक गोष्ट सांगितली, तरी हा लेख वाचल्याचे चीज झाले.

घर्षणाने ब्रेक इतका का तापतो? ब्रेक गती ‘नाहीशी’ करत नाही. तो तिची उष्णता करतो. १००० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने जाताना तिच्यात सुमारे १३९ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. उतारावर तर आणखी गंमत. हीच गाडी ३०० मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकवर उतरली, तर जी ऊर्जा उष्णतेत बदलते, तिने सुमारे ९ लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी चार चाकांच्या लोखंडात शिरते. म्हणून जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. म्हणजे ओझे इंजिनही वाटून घेते.

एरंडेलाची दुसरी नोकरी

पायाने दाबलेला जोर चार चाकांपर्यंत सारखा पोचवणे हा पुढचा प्रश्न. तारा आणि दांड्या वापरल्या, तर एक चाक आधी धरते, दुसरे मागाहून, आणि गाडी एका बाजूला खेचली जाते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम येथे उपयोगी पडला. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने १९१८ च्या सुमारास चारी चाकांचे द्रवचलित ब्रेक तयार केले; १९२१ मध्ये ते ड्यूसेनबर्ग मोटारीत आले.

नळ्यांत भरायला द्रव कोणता? तो रबराला मानवला पाहिजे, थंडीत गोठता कामा नये, भागांना वंगणही मिळाले पाहिजे. सुरुवातीच्या अनेक ब्रेक ऑइलांत अल्कोहोलबरोबर मिसळलेले होते एरंडेल! बैलगाडीच्या आसात घर्षण कमी करणारा आपला एरंड येथे घर्षण वाढवणाऱ्या यंत्राच्या सेवेला लागला.

पुढे वाढत्या उष्णतेला तो पुरला नाही आणि ग्लायकॉल ईथरवर आधारलेले द्रव आले. नावात ‘ऑइल’ असले, तरी आजचे नेहमीचे ब्रेक ऑइल हे तेल नव्हे. त्यात इंजिन ऑइल ओतले, तर आतले रबर फुगून ब्रेक निकामी होतात. हा द्रव हवेतली आर्द्रता शोषतो. डॉट ३ प्रकारच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. मग लांब घाटात द्रव उकळतो, नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे देत नाही. पॅडल जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ठीक लागत असले, तरी साधारण दोन वर्षांनी हा द्रव बदलायचा असतो.

चार बोटांचे अंतर

आता मोटारीचे चाक डोळ्यांपुढे आणा. मध्ये ग्रीसने भरलेले बेअरिंग, बाजूला कोरडे हवे असलेले ब्रेक लायनर आणि दोघांमध्ये रबराचे एक कडे, ऑइल सील. ते फाटले की ग्रीस लायनरवर येते आणि चाक धरेनासे होते. उलट ब्रेक अडकून घासत राहिला, की त्या उष्णतेने ग्रीस वितळून वाहून जाते आणि बेअरिंग जळते. एकाचा रोग दुसऱ्याला होतो. ग्रीस जास्त भरले म्हणजे बेअरिंग जास्त टिकते असेही नाही. जादा ग्रीस घुसळून तापते आणि सीलमधून वाट काढते.

गाडीच्या मालकाने घरी काय पाहावे? गाडीवान पाहत होता तेच. प्रवासानंतर चारी चाकांच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन पाहावे. एखादेच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल, तर तेथे काही अडकले आहे. हात आधी दुरून न्यावा, एकदम टेकवू नये. चालताना वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर आली, तर बेअरिंग संशयित. ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर पॅड संपले. ब्रेक ऑइलची पातळी डबीवरच्या खुणांमध्ये आहे का, रंग काळपट झाला आहे का, हे तर शाळकरी मुलगाही सांगेल.

चाक उचलून पाहायचे, तर गाडी सपाट जागी उभी करावी, बाकीच्या चाकांना दगड लावावेत आणि जॅकबरोबर मजबूत घोडी वापरावी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नये. चाक वर-खाली धरून हलवले आणि डुगडुगले, तर सैल आहे. जुन्या पद्धतीच्या शंकू बेअरिंगमध्ये नट आवळताना चाक फिरवत राहायचे, मग उत्पादकाने सांगितले तितका मागे सोडायचा आणि नटात नवी कॉटर पिन घालायची. ही पिन म्हणजे आपली कैकेयीची खीळ. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नये. वाकवलेली तार आतून थकलेली असते. बऱ्याच नव्या मोटारींत बंद बेअरिंग असते. ते उघडत नाहीत की आवळत नाहीत. खराब झाले की बदलतात. ब्रेकचे भाग उघडणे मात्र जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकल्याशिवाय करू नये. चुकीची किंमत आपल्याबरोबर रस्त्यावरच्या परक्यालाही मोजावी लागते.

मानेवरचा ब्रेक

हा इतिहास अजून संपलेला नाही. कृष्णाकाठी ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांना आता हवेच्या टायरची चाके असतात. चाक लहान झाले, म्हणजे मघाच्या हिशेबातला मोठ्या त्रिज्येचा फायदा घटला. पण आत बेअरिंग असल्याने गाडी हलकी ओढली जाते. बेअरिंग आले, ब्रेक मात्र बहुतेक ठिकाणी आले नाहीत. उतारावर टनावारी ऊस पुढे रेटतो आणि तो थोपवायचा बैलांनी, मानेने. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक असलेले प्रा. एन. एस. रामस्वामी अनेक वर्षे बैलगाडीत सुधारणा व्हाव्यात, तिला ब्रेकही असावा असे सांगत राहिले. २०२२ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात, साखराळे येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली टेकणारे एक तिसरे चाक बनवले. त्याला नाव दिले ‘सारथी’. बैलाच्या मानेवरचा भार त्यामुळे हलका होतो. मानेवर येणारा उतारावरचा रेटा मात्र ब्रेकनेच थांबेल. ट्रॅक्टरमागच्या कित्येक ट्रॉल्यांचीही तीच कथा आहे: मागचे दहा टन थांबवायचे काम पुढच्या ट्रॅक्टरवर सोडलेले.

चाक फिरवण्यासाठी माणसाने जेवढी बुद्धी खर्चली, तेवढी ते थांबवण्यासाठी खर्चायला त्याला नेहमीच उशीर झालेला दिसतो.

वर्गात करून पाहा

१. एका पसरट डब्याच्या झाकणावर पुस्तके ठेवा आणि झाकण टेबलावर फिरवा. आता झाकणाच्या कडेखाली एकसारख्या गोट्या ठेवून पुन्हा फिरवा. मग एकच गोटी मोठी घाला. व्हॉनची अडचण हाताला कळेल.

२. वीट दोरीने बांधून स्प्रिंग काट्याने ओढा. हलण्यापूर्वीचा आणि हलल्यानंतरचा आकडा लिहा. वीट आडवी, उभी ठेवून पाहा. कुलोम आणि आमोंताँ दोघेही भेटतील.

३. सायकल उलटी करा, चाक फिरवा आणि ते किती वेळ फिरते ते मोजा. ब्रेक ठराविक वेळा दाबून रिमला हात लावा. उष्णता कोठून आली, यावर चर्चा करा.

४. घरातल्या वडीलधाऱ्यांना वंगणाबद्दल विचारा. कशाचे करत, कशात ठेवत, किती दिवसांनी घालत? शब्द लिहून घ्या. हे शब्द माहीत असलेली माणसे झपाट्याने कमी होत आहेत.

पुढच्या ऋषिपंचमीला तासगावला जाणे झाले, तर दोरखंडाकडे तर पाहाच. पण रथाच्या चाकाकडेही एकदा निरखून पाहा. तुंब्यात काय चालले आहे आणि चाकापुढे काय धरले आहे, हे दोन्ही दिसले पाहिजे.